अडतीस साक्षीदार आणि गोरखपूरची गाडी

भोपाळच्या अशोका गार्डनमध्ये मानसशास्त्र शिकवताना एक सोय आहे आणि एक अडचण. संकटात माणसं कशी वागतात या प्रकरणासाठी दाखला शोधायला लांब जावं लागत नाही, ही सोय. रेल्वे स्टेशन हाकेच्या अंतरावर आहे, युनियन कार्बाइडचा बंद कारखाना तिथून फार दूर नाही, आणि २ डिसेंबर १९८४ च्या गॅसगळतीच्या रात्रीची एखादी तरी आठवण इथल्या जुन्या घरांतून सापडतेच. अडचण अशी की गाइडांना, कोचिंगच्या नोट्सना आणि परीक्षेच्या तयारीला दाखला हवा असतो तो मात्र न्यूयॉर्कचा.

वडिलांना भेलमध्ये नोकरी लागली म्हणून आमचं घर विदर्भातून भोपाळला आलं. घरात मराठी, वर्गात हिंदी आणि संदर्भाची पुस्तकं इंग्रजी, असा माझा कारभार. सकाळी कॉलेजात बी. ए.च्या मुली, संध्याकाळी घरी बारावीची आणि स्पर्धा परीक्षांची मुलं. दोन्हीकडे सामाजिक मानसशास्त्रात एक विषय दरवर्षी येतो: गर्दी असताना मदत का मिळत नाही. एनसीईआरटीच्या बारावीच्या जुन्या पुस्तकात तो साध्या शब्दांत दिला होता. रस्त्यावर अपघात झाला आणि भोवती पुष्कळ माणसं उभी असली, तर प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणीतरी पुढे होईल. एकटाच माणूस असेल, तर तो पुढे होण्याची शक्यता जास्त. याला जबाबदारीचं विसरण म्हणतात. मुलांना हे कळतं, पण लक्षात राहते ती नोट्समधली गोष्ट, आणि त्या गोष्टीत ३८ हा आकडा दोनदा अधोरेखित केलेला असतो.

गोष्ट अशी. १३ मार्च १९६४ च्या पहाटे, तीनच्या पुढे, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात क्यू गार्डन्स वस्तीत किटी जेनोव्हीस ही २८ वर्षांची तरुणी कामावरून घरी परतत होती. विन्स्टन मोझली नावाच्या माणसाने तिच्यावर चाकूने हल्ला केला. ती ओरडत राहिली, अडतीस शेजारी आपापल्या खिडक्यांतून अर्धा तास बघत राहिले, आणि कोणीही पोलिसांना फोन केला नाही. दोन आठवड्यांनी, २७ मार्चला, न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर ही बातमी दिली आणि ती जगभर गेली. आमच्या वर्गात ती पहिल्यांदा सांगितली की एक शांतता पसरते. मग कोणीतरी म्हणतं, "लोग ऐसे ही होते हैं, मॅडम." तिथे धडा संपला असं मुलांना वाटतं.

मी तिथूनच सुरू करते. फळ्यावर दोन रकाने आखते. एका बाजूला बातमीत काय होतं, दुसऱ्या बाजूला पुढे काय कळलं. बातमीत तीन हल्ले होते, खटल्यात दोन निघाले. पहिला रस्त्यावर झाला. रॉबर्ट मोझर नावाचा शेजारी खिडकीतून ओरडला, त्या मुलीला सोड म्हणून, आणि हल्लेखोर पळाला. किटी उठून इमारतीच्या मागच्या बाजूला गेली. तो परत आला आणि दुसरा हल्ला झाला तो जिन्याच्या दारातल्या बोळात, जिथलं समोरच्या खिडक्यांतून काही दिसतच नव्हतं. बातमीच्या मथळ्यात आकडा ३७ होता, कारण एकाने उशिरा का होईना पोलिसांना फोन केला होता. गोष्ट सांगता सांगता ३८ टिकला, तो एक फोन गळून गेला. सोफिया फरार ही शेजारीण त्या पहाटे खाली धावली आणि हल्लेखोर गेला की अजून आसपास आहे हे माहीत नसताना, मदत येईपर्यंत किटीला धरून बसली. बातमीतून तीही गळली.

अडतीस हा आकडा आला कुठून? शहराचे पोलीस आयुक्त मायकल मर्फी यांनी टाइम्सचे महानगर संपादक ए. एम. रोझेन्थाल यांना जेवताना तो सांगितला. सरकारी पक्षाचे वकील चार्ल्स स्कॉलर यांनी पुढे स्पष्ट केलं की नेमकं काय चाललंय ते पाहिलेले आणि कोर्टात उभे करता येतील असे साक्षीदार त्यांना अर्धा डझनच मिळाले होते. २००७ साली रेचल मॅनिंग, मार्क लेव्हीन आणि ॲलन कॉलिन्स यांनी 'अमेरिकन सायकॉलॉजिस्ट' या नियतकालिकात कोर्टाची कागदपत्रं तपासून दाखवलं की पाठ्यपुस्तकांतल्या या गोष्टीला पुराव्याचा आधार नाही. २०१६ मध्ये मोझली तुरुंगात मरण पावला, तेव्हा त्याच्या मृत्यूच्या बातमीत खुद्द न्यूयॉर्क टाइम्सनेच मान्य केलं की सगळं कळत असून स्वस्थ बसलेले अडतीस जण हे चित्र चुकीचं होतं.

वर्गात वाद पेटतो तो इथे. एका वर्षी बारावीतल्या मुलीने विचारलं, "मार्च का महीना, रात के तीन बजे, न्यूयॉर्क की ठंड. मॅडम, खिड़की खुली किसकी होगी?" तिचा प्रश्न कोणत्याही शोधनिबंधाच्या तोडीचा होता. बंद काचांमागे, अर्धवट झोपेत, एक किंकाळी ऐकू आली तर ती खुनाची की कोपऱ्यावरच्या बारमधून निघालेल्या भांडणाची, हे कसं कळणार? तिथल्या कित्येकांना ते भांडणच वाटलं होतं. ऐकणारा आणि पाहणारा यांना एकाच 'साक्षीदार' या नावाखाली मोजलं, की आकडा फुगतो. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "वो भी गार्डन, ये भी गार्डन, और दोनों स्टेशन के पास." सगळे हसले. पण त्या हसण्यातून पुढचं काम सुचलं.

मुलांना सांगितलं, घरी जा आणि आजी-आजोबांना विचारा: गॅसच्या रात्री तुम्ही काय पाहिलं, काय ऐकलं, काय वाटलं आणि काय केलं. चारही उत्तरं वेगवेगळी लिहून आणा. जी उत्तरं आली त्यांत 'पाहिलं' हा रकाना बहुतेकांचा जवळजवळ रिकामा होता. डिसेंबरची थंडी, दारं-खिडक्या बंद, रजया डोक्यावर. आधी खोकला, मग डोळ्यांची आग. कोणीतरी शेजारी मिरच्या जाळतंय असं वाटलं, हे तर वेगवेगळ्या घरांतून आलं. एका आजीने सांगितलं, बाहेर पळापळ ऐकून आम्हाला दंगल वाटली, म्हणून कडी लावून बसलो. ही आजी दुसऱ्या कोणाच्या बातमीत 'दार न उघडणारी शेजारीण' म्हणून सहज आली असती. तिने दार का उघडलं नाही हे कळायला तिच्याजवळ बसून ऐकावं लागतं. क्यू गार्डन्समधल्या लोकांजवळ तसं बसायला कोणी आलं, तोवर बरीच वर्षं उलटून गेली होती.

माझ्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंना हे सगळं पटत नाही. त्या मूळच्या ग्वाल्हेरच्या, शिकवण्यात माझ्यापेक्षा कितीतरी मुरलेल्या. त्यांचं म्हणणं सरळ आहे. "अगं, दाखला चुकला म्हणून सिद्धांत चुकतो का? त्या गोष्टीमुळेच तर प्रयोग झाले. अडतीस असोत की सहा, मुलांच्या लक्षात राहतं ना? सफरचंद न्यूटनच्या डोक्यावर पडलं की नाही, यावर कोणी तास घालवतं का?"

बाईंच्या बोलण्यात तथ्य आहे आणि ते मी वर्गात तसंच मांडते. जॉन डार्ली आणि बिब लाताने यांना ही बातमीच भिडली होती. १९६८ च्या त्यांच्या प्रयोगात विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून इंटरकॉमवर बोलत होते आणि त्यांतल्या एकाला फिट आल्याचं ऐकू येत होतं. हे ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले ८५ टक्के फिट चालू असतानाच मदतीला उठले. आणखी एकजण ऐकतोय असं वाटलं तेव्हा ६२ टक्के, आणखी चार जण ऐकतायत असं वाटलं तेव्हा ३१ टक्के. हा निष्कर्ष किटीच्या गोष्टीवर उभा नाही, स्वतःच्या पायावर उभा आहे. इथवर बाईंचं बरोबर.

पण न्यूटनचं सफरचंद गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध काही सांगत नाही. अडतीस जणांची गोष्ट मात्र प्रयोगाच्या उलटं सांगते. गोष्ट म्हणते, शहरातली माणसं निर्दय झाली. प्रयोग करणाऱ्यांनी नोंदवलं आहे की जे उठले नाहीत ते निर्विकार नव्हते. त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता, काय करावं हे ठरत नव्हतं. म्हणजे गोष्ट दोष देते माणसाच्या काळजाला आणि प्रयोग बोट ठेवतो परिस्थितीच्या रचनेवर. काळीज बदलायला वर्गातला एक तास पुरत नाही, रचना बदलता येते. गोष्ट ऐकून मुलगी घाबरून घरी जाते. प्रयोग नीट कळला तर ती एवढं शिकून जाते की गर्दीत मदत मागताना "कोणीतरी या" म्हणायचं नाही, "निळ्या शर्टवाले भैया, आप आइए" म्हणायचं.

दुसरा मुद्दा आपल्याकडचा. रस्त्यावरचा जखमी का पडून राहतो, असं वर्गात विचारलं की पुस्तकातलं उत्तर क्वचितच येतं. "पुलिस के चक्कर में कौन पड़े," हे पहिलं उत्तर. सेव्हलाइफ फाउंडेशनच्या २०१३ च्या पाहणीत ७४ टक्के लोकांनी सांगितलं होतं की आपण अपघातग्रस्ताला मदत करण्याची शक्यता कमी. त्यांतल्या बहुतेकांनी कारण दिलं ते पोलिसांची चौकशी आणि कोर्टाच्या खेपा. म्हणजे इथे माणूस दुसऱ्यावर भिस्त ठेवून थांबत नाही, तो मदतीची किंमत मोजून थांबतो. रस्त्यावर तो एकटा असता तरी कदाचित थांबलाच असता. न्यूयॉर्कची गोष्ट घोकून आपल्या रस्त्याचं निदान केलं की आजार एक आणि औषध भलतंच होतं.

या वादात उलटं टोक गाठणारेही भेटतात. अडतीस खोटे निघाले म्हणजे बघे ही कल्पनाच खोटी, असं काही मुलं ठरवून टाकतात. तिथेही थांबवावं लागतं. क्यू गार्डन्समध्ये समोरच्या इमारतीतला जोसेफ फिंक हा कर्मचारी हल्ला पाहूनही गप्प राहिला. कार्ल रॉसच्या दाराशी दुसरा हल्ला झाला, त्याने दार किलकिलं करून पाहिलं आणि बंद केलं. त्याने मदतीसाठी फोन केले ते बऱ्याच उशिरा. आपल्याकडे २० ऑक्टोबर २०११ ला मुंबईत अंधेरीच्या आंबोली भागात कीनन सँटोस आणि रुबेन फर्नांडिस मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना आडवे गेले, त्यांच्यावर भर रस्त्यात हल्ला झाला. भोवती माणसं होती. दोघेही वाचले नाहीत. हे घडलंय आणि ते वर्गात सांगायलाच हवं.

पुण्याचा प्रसंग मात्र मुलं स्वतःहून काढतात. २७ जून २०२३ ला सदाशिव पेठेत कोयता घेऊन एका तरुणीच्या मागे धावणाऱ्याला लेशपाल जवळगे या विद्यार्थ्याने अडवलं आणि हर्षद पाटील मदतीला आला. तो व्हिडिओ पुण्यातल्या नातेवाइकांकडून आमच्या मराठी घरांत लगेच पोचला. त्यासोबत आलेला मजकूर ठरलेला: सगळे बघत होते, एकच वाघ निघाला. मुलांना व्हिडिओ बघताना मी विचारते, जो मागे सरकला त्याच्या आणि कोयत्याच्या मध्ये अंतर किती? त्याच्या हातात काय होतं? पहिला धावल्यावर दुसरा का धावला? शेवटच्या प्रश्नात खरा ऐवज आहे. रिचर्ड फिलपॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲमस्टरडॅम, केपटाउन आणि लँकेस्टर इथल्या सार्वजनिक कॅमेऱ्यांतली २१९ भांडणं तपासली. २०१९ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा की ९१ टक्के प्रसंगांत निदान एक बघ्या मध्ये पडला, आणि माणसं जितकी जास्त तितकी कोणीतरी मध्ये पडण्याची शक्यताही जास्त. एकेका माणसाचं पाऊल गर्दीत जड होतं हे खरं, आणि गर्दीत मदत मिळण्याची शक्यता वाढते हेही खरं. दोन्ही वाक्यं एकत्र शिकवली तरच चित्र पुरं होतं.

आता गोरखपूरच्या गाडीकडे येते, कारण आमच्या वर्गातला सगळ्यांत कडाक्याचा वाद तिच्यावरून होतो. गुलाम दस्तगीर हे १९८४ साली भोपाळ स्टेशनवर उपस्टेशन अधीक्षक होते. त्या रात्री गॅस स्टेशनवर पसरली तेव्हा त्यांनी फलाटावर उभी असलेली प्रवाशांनी भरलेली एक्स्प्रेस वेळेआधी सोडायला लावली, आसपासच्या स्टेशनांना कळवून येणाऱ्या गाड्या थोपवल्या आणि स्वतः फलाटावरच्या लोकांत राहिले. गॅसचा त्रास त्यांनी जन्मभर सोसला, २००३ मध्ये ते गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये 'द रेल्वे मेन' ही मालिका आली आणि के के मेननने उभा केलेला स्टेशन मास्तर मुलांच्या डोक्यात दस्तगीरांच्या जागी जाऊन बसला. मालिकेतल्या पात्राचं नाव वेगळं, प्रसंग कितीतरी रचलेले. तरी उत्तरपत्रिकेत मालिकाच उतरते.

म्हणून या गोष्टीचीही तीच तपासणी. बातम्या आणि लेख गोळा केले. कुठे वाचलेल्यांचा आकडा शेकडो, कुठे हजारो. बऱ्याच लेखांत गाडीचं नाव 'गोरखपूर-कानपूर एक्स्प्रेस'. एका मुलाचे वडील रेल्वेत. त्याने नकाशा उघडला आणि म्हणाला, गोरखपूरहून कानपूरला जाणारी गाडी भोपाळला येईलच कशाला? इतर वर्णनांत ती गोरखपूरहून मुंबईला निघालेली गाडी आहे, आणि नकाशाला मानवणारी तीच. पण पहिलं नाव एका लेखातून दुसऱ्यात उतरत गेलं, नकाशा कोणी पाहिला नाही. अडतीसचा आकडा नेमका असाच पन्नास वर्षं उतरत आला.

काही मुलांना राग आला. आपल्या शहराच्या माणसाची गोष्ट का कुरतडायची? मी त्यांना विचारलं, गाडीचं नाव बदलल्याने दस्तगीरांचं काय कमी झालं? काहीच नाही. उलट मालिकेतला नायक बाजूला झाला आणि ड्यूटीवरचा माणूस दिसू लागला. त्याच्याकडे पद होतं, सिग्नल आणि टेलिफोन होता, गाड्यांची माहिती होती, आणि नियम मोडल्याची जबाबदारी आपल्यावर येणार हे त्याला ठाऊक होतं. १९८१ साली टेड ह्यूस्टन आणि सहकाऱ्यांनी गुन्ह्यात मध्ये पडलेल्या लोकांचा अभ्यास केला, तेव्हा इतरांच्या तुलनेत त्यांच्यात प्रथमोपचार, जीवरक्षण किंवा पोलिसी कामाचं शिक्षण घेतलेले जास्त आढळले. काय करायचं हे माहीत असलं की पाय उचलतो. हे शिकवता येतं. 'वाघ व्हा' हे शिकवता येत नाही.

जबाबदारीचं विसरण शोधायचंच असेल, तर भोपाळमध्ये ते रस्त्यावरच्या गर्दीपेक्षा फायलींत जास्त सापडतं. डिसेंबर १९८१ मध्ये युनियन कार्बाइडच्या त्याच कारखान्यात फॉस्जीन वायूमुळे मोहम्मद अशरफ हा कामगार मेला. १९८२ च्या मे महिन्यात कंपनीच्याच अमेरिकी पथकाने सुरक्षेतले दोष लिहून दिले. त्याच वर्षी पत्रकार राजकुमार केसवानी यांनी आपल्या 'रपट' या छोट्या साप्ताहिकात शहराला सावध केलं आणि १९८४ च्या जूनमध्ये 'जनसत्ता'त पुन्हा लिहिलं. "सबको पता था, किसी ने कुछ नहीं किया," असं भोपाळमध्ये सर्रास म्हणतात. हे वाक्य म्हणजे आमचे स्थानिक अडतीस. सगळ्यांना माहीत नव्हतं. ज्यांच्याकडे अधिकार होता त्यांच्यातल्या काहींना माहीत होतं, आणि दोष 'सगळ्यां'वर टाकला की त्यांची नावं विचारायची राहून जातात.

ग्वाल्हेरच्या बाई आणि मी अजून भांडतो. बाई गोष्ट आधी सांगतात, मी पुरावा आधी काढते. परीक्षेत त्यांच्या मुली माझ्या मुलींपेक्षा कमी पडत नाहीत, हेही खरं. पण मानसशास्त्र शिकवणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे की किटी जेनोव्हीसची गोष्ट अभ्यासातून काढू नका, ती पुराव्यासकट शिकवा. कोणी पाहिलं आणि कोणी नुसतं ऐकलं, त्याला काय करता आलं असतं, आणि आकडा पहिल्यांदा कोणी सांगितला, हे तीन प्रश्न प्रत्येक गाजलेल्या गोष्टीला विचारा, आपल्या गावच्या अभिमानाच्या गोष्टीलाही.

आणि त्याच तासाला कायदाही सांगा. ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठीची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव-पत्ता सांगण्याची त्याच्यावर सक्ती करता येत नाही. अडतीसचा आकडा पाठ असलेल्या मुलामुलींपैकी फारच थोड्यांना हे कलम माहीत असतं.